रात्रीच्या सिस्टरला समजेल असं लिहा: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी नोट्स लिहिण्याची पद्धत

"जनरल कंडिशन फेअर. व्हायटल्स स्टेबल. ऑर्डरप्रमाणे औषधं दिली. काही कंप्लेंट नाही."

पहिल्या वर्षाच्या मुलामुलींच्या नोट्स बघायला बसले की ही चार वाक्यं जवळजवळ प्रत्येक पानावर भेटतात. (व्हायटल्स म्हणजे टेंपरेचर, नाडी, श्वसन, बीपी.) त्यात खोटं काही नसतं. पण ही नोंद तीन नंबर बेडच्या फाईलमधून काढून अकरा नंबरच्या फाईलला लावली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. म्हणजे त्या पेशंटबद्दल तिनं काहीच सांगितलेलं नाही.

मी सोलापुरातच जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरीचा डिप्लोमा, केला. शाळा मराठी माध्यमाची. सर्जरी आणि मेडिसिन अशा दोन्ही वॉर्डांत काम केलंय, आणि आता ड्युटीबरोबर विद्यार्थ्यांच्या नोट्सही तपासते. नोट्स लिहायला घाबरणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. बहुतेकांना वाटतं, आपलं इंग्रजी कच्चं आहे म्हणून जमत नाही. इंग्रजीचा भाग खरं तर लहान आहे. काय बघायचं आणि त्यातलं काय लिहायचं हे कुणी नीट बसून सांगितलेलं नसतं, अडतं ते तिथं. खालची उदाहरणं मी मराठीत देते. फाईलमध्ये ती तुमच्या हॉस्पिटलच्या पद्धतीनं इंग्रजीत जातील.

लिहिताना एकच व्यक्ती डोळ्यासमोर ठेवा: रात्री आठला ड्युटीवर येणारी सिस्टर. तिनं तुमचा पेशंट पाहिलेला नाही. रात्री दोन वाजता नातेवाईक येऊन म्हणतो, "सिस्टर, पोट लई दुखायलंय म्हणायलाय ओ." ती फाईल उघडते. दुपारी दुखत होतं का, कुठं, किती, काय दिलं, किती वाजता दिलं आणि त्यानं उतरलं का, एवढं तिला तुमच्या नोंदीत सापडलं पाहिजे. त्यावरूनच ती ठरवणार की हे दुपारचंच दुखणं आहे की नवीन काही सुरू झालंय आणि डॉक्टरांना उठवायला हवं. "व्हायटल्स स्टेबल" वाचून तिला यातलं काहीच ठरवता येत नाही.

पेन उघडायच्या आधी

चांगली नोंद बेडजवळ तयार होते, टेबलावर नाही. हँडओव्हर (आधीच्या ड्युटीकडून पेशंटची माहिती घेणं) संपला की आपल्या वाट्याच्या पेशंटकडे जा आणि डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघा. शुद्धीत आहे का, बोलताना दम लागतोय का, ओठ-जीभ कोरडी आहे का. आयव्हीची (शिरेतल्या सुईची) जागा लाल झालीय का, सुजलीय का, सुई कुठल्या तारखेची आहे. ड्रेसिंग कोरडं आहे का. कॅथेटरच्या (लघवीच्या नळीच्या) पिशवीत किती लघवी आहे आणि रंग काय. पाठ आणि माकडहाड बघायला पेशंटला कुशीवर वळवावं लागतं, म्हणून हे सगळ्यात जास्त वेळा राहून जातं. वळवा आणि बघा.

खिशात एक छोटी वही ठेवा. त्यात फक्त बेड नंबर, वेळ आणि आकडे लिहा. नाव किंवा आजार लिहू नका, कारण वही रिक्षात विसरते, हॉस्टेलवर कुणाच्याही हाती पडते. ड्युटी संपताना तो कागद फाडून टाका. "नंतर लक्षात राहील" यावर विसंबू नका. सहा पेशंट, दोन अ‍ॅडमिशन आणि एक राऊंड झाल्यावर कुणाची नाडी १०८ होती आणि कुणाची ८८, हे कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आणखी एक साधं काम. पेशंट ज्या पेल्यानं पाणी पितो तो घरून आणलेला स्टीलचा पेला एकदा मापाच्या जगनं मोजून घ्या. कुणाचा १५० मिलीचा निघतो, कुणाचा ३०० चा. नातेवाइकाला सांगा की चहा, ताक, पेज, आंबील हे सगळं मोजायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात आंबील भरपूर दिली जाते आणि "पाणी किती प्यायले?" असं विचारलं की आंबील कुणी धरत नाही. नातेवाईक कागदावर आकडे मांडत असतील तर ते तुम्ही स्वतः वाचून चार्टवर उतरवा. मराठी ४ इंग्रजी आठसारखा दिसतो आणि मराठी १ इंग्रजी नऊसारखा. एकाच कागदावर दोन्ही लिपींचे आकडे मिसळले की ४०० मिली लघवीचे ८०० व्हायला वेळ लागत नाही.

नोंदीचे चार भाग, आणि नेहमी राहून जाणारा चौथा

कॉलेजमध्ये तुम्हाला सोप पद्धत शिकवतील: पेशंट काय म्हणतो, तुम्हाला काय दिसलं, त्यावरून काय वाटतं, पुढं काय करायचं. तिचं मूळ अमेरिकेतले डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या समस्येवर आधारलेल्या नोंदींमध्ये आहे. काही ठिकाणी डार वापरतात: डेटा, अ‍ॅक्शन, रिस्पॉन्स. तुमच्या वॉर्डात जी पद्धत असेल ती पाळा. पण कुठल्याही पद्धतीत शेवटी चार गोष्टी यायला हव्यात. पेशंट काय म्हणाला. मी काय पाहिलं आणि मोजलं. मी काय केलं. आणि मग काय झालं.

पहिले तीन भाग विद्यार्थी हळूहळू शिकतात. चौथा राहतो. माझ्या मते नोट्स शिकताना सगळ्यात जास्त जोर द्यायचा तो इथंच. "पेनकिलर दिलं" लिहून नोंद बंद केली, तर आपण औषध दिलं एवढंच कळतं, पेशंटला त्याचा उपयोग झाला की नाही ते कळत नाही. आणि चौथा भाग लिहायचा तर पुन्हा बेडपर्यंत जावंच लागतं. म्हणून मी मुलांना सांगते, औषध दिल्यावर त्या ओळीखाली जागा सोडू नका, पण खिशातल्या वहीत परत जायची वेळ लिहा. शिरेतून दिलेल्या पेनकिलरनंतर साधारण अर्ध्या तासानं, गोळीनंतर तासाभरानं. ताप उतरायच्या गोळीनंतर पुन्हा थर्मामीटर. लघवीच्या इंजेक्शननंतर पुन्हा पिशवी.

अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीची एक नोंद अशी होऊ शकते:

"दुपारी ४.०० – पेशंट म्हणतो, 'टाक्याजवळ लई कळ यायलीय, खोकलं की जास्त.' वेदना १० पैकी ७. टेंप. ९९.२ फॅ., नाडी ९६, श्वसन २०, बीपी १३०/८०. ड्रेसिंग कोरडं. पोट मऊ, फुगलेलं नाही. ४.१० – ऑर्डरप्रमाणे पॅरासिटामॉल १ ग्रॅम आयव्ही सुरू, ४.२५ ला संपलं. खोकताना पोटावर उशी धरायला शिकवलं, पेशंटनं करून दाखवलं. ५.०० – वेदना १० पैकी ३. आधार धरून बाथरूमपर्यंत चालला, चक्कर नाही. नाडी ८४."

ही नोंद वाचायला अर्धं मिनिट पुरतं. रात्री दोनला दुखणं परत १० पैकी ८ झालं आणि पोट कडक लागलं, तर दुपारी ते मऊ होतं हे सिस्टरला माहीत असेल. "पोट मऊ" हे दोन शब्द तेव्हा फार मोठं काम करतात. काही बिघडलेलं नव्हतं, हेही लिहावं लागतं ते यासाठी. मात्र हात लावून बघितलं असेल तरच.

मापात लिहा

"थोडं", "खूप", "बरं", "ठीक", "चांगली झोप". हे शब्द नोंदीत आले की थांबा आणि स्वतःला विचारा: म्हणजे किती? उलटी झाली तर किती वेळा, अंदाजे किती मिली, रंग काय, त्यात रक्त किंवा कॉफीसारखा गाळ होता का. ड्रेसिंग भिजलं तर डाग किती सेंटिमीटरचा आणि कशाचा. बेडसोर असेल तर जागा, लांबी, रुंदी, खोली, तळाचा रंग, वास, स्राव. "बेडसोर आहे" एवढंच लिहिलं तर आठ दिवसांनी तो वाढला की भरत आला हे कुणालाही सांगता येणार नाही.

लघवीचं माप तर कधीच अंदाजानं टाकू नका. मोठ्या माणसाला तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे किमान अर्धा मिली लघवी व्हायला हवी. ६० किलोच्या पेशंटला तासाला ३० मिली, म्हणजे सहा तासांच्या ड्युटीत १८०. पिशवीत ९० दिसले तर चार्टवर ९० लिहून पुढं जायचं नसतं. नळी दुमडलीय का बघा, ओटीपोट फुगलंय का बघा, स्टाफ सिस्टरला सांगा, आणि हे सगळं लिहा.

श्वसनाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. अख्ख्या वॉर्डाच्या चार्टवर सगळ्यांचं श्वसन २० दिसतं. कुणी मोजलेलं नसतं. पेशंटची तब्येत बिघडायला लागली की बीपी पडायच्या बऱ्याच आधी श्वास वाढतो, आणि तोच आकडा आपण डोळे झाकून भरतो. नाडी मोजून झाली की बोटं मनगटावरच ठेवा आणि पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत श्वास मोजा. पेशंटला सांगू नका, सांगितलं की त्याचा श्वास बदलतो. २४ आला तर २४ लिहा. चार तासांपूर्वी १८ होता आणि आता २४ आहे, हे वाचून अनुभवी सिस्टर उठून पेशंटकडे जाईल.

स्वभाव लिहू नका

"पेशंट अनकोऑपरेटिव्ह." "नातेवाईक भांडखोर." अशा नोंदी अजूनही दिसतात. ती माहिती नाही, आपला राग आहे. घडलं काय ते लिहा: "इंजेक्शनसाठी हात दिला नाही. 'काल सुई टोचली तिथं अजून दुखायलंय' म्हणाला. उजव्या हातावर २ सेमी गाठ, लाल नाही. डाव्या हातावर देऊ असं सांगितल्यावर १०.२० ला घेतलं." आता बघा, भांडण कुठंच नाही. एक दुखरी गाठ आहे आणि ती आपल्याला वेळेत कळली.

माझे वडील भवानी पेठेत पॉवरलूमवर कामाला होते. घरात आम्ही त्यांच्याशी मोठ्यानंच बोलायचो, कारण आयुष्यभर मागांच्या खडखडाटात उभं राहून त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. असे काका आपल्या वॉर्डात रोज येतात. विद्यार्थी हळू आवाजात नाव विचारतात, ते नुसते बघत राहतात, आणि नोंद होते, "प्रतिसाद देत नाही" किंवा "गोंधळलेला". डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या बाबतीत ही नोंद किती महागात पडेल याचा विचार करा. ग्लासगो कोमा स्केलमध्ये, म्हणजे पेशंट किती शुद्धीत आहे हे गुणांनी मोजायच्या पद्धतीत, बोलण्याचे ५ पैकी गुण तुम्ही अशानंच कमी कराल. समोर या, तोंड दिसेल असं उभं राहा, मोठ्यानं विचारा, आणि ऐकू कमी येत असेल तर तसं ठळक लिहा, म्हणजे पुढची सिस्टरही मोठ्यानंच विचारेल. गुण लिहिताना नुसता १३ लिहू नका. डोळे, बोलणं, हालचाल असे तिन्ही आकडे वेगळे लिहा, कारण कुठला आकडा खाली आला त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

आपल्या शहरात तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं खूप. पूर्वभागातली आजी तेलुगूत सांगते, सून आपल्याला मराठीत सांगते. तेव्हा "पेशंट म्हणाली" असं लिहू नका, "सुनेमार्फत सांगितलं" असं लिहा. सून काही गाळत असेल, काही स्वतःचं घालत असेल. वॉर्डात ती भाषा येणारी मावशी किंवा सिस्टर असेल तर तिच्याकडून पुन्हा विचारून घ्या.

कोण बोललं हे लिहायला सगळ्यात जास्त महत्त्व येतं ते पोलीस केसमध्ये. जळलेली बाई, विष घेतलेला मुलगा, मारहाण. "स्टोव्हचा भडका उडाला" हे नवऱ्यानं सांगितलं की तिनं स्वतः, हे नोंदीत स्पष्ट असलंच पाहिजे. तिचे शब्द जसेच्या तसे अवतरण चिन्हात लिहा, वेळ लिहा, त्या वेळी बेडजवळ कोण होतं ते लिहा. अंदाज लिहू नका, सुचवू नका, आणि लगेच ड्युटीवरच्या डॉक्टरांना आणि स्टाफला सांगा. तिनं एकदाच तोंड उघडलं असेल आणि ते तुमच्यासमोर असेल, तर ती नोंद नीट लिहिणं हे तुम्ही तिच्यासाठी करू शकणारं फार मोठं काम आहे.

आणि पेशंटला आपल्या फाईलची प्रत मागता येते. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत डॉक्टरांनी आंतररुग्णांचे रेकॉर्ड ३ वर्षं ठेवायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असं आहे. तुम्ही लिहिलेलं वाक्य त्या घरातली माणसं वाचतील असं धरूनच लिहा.

इन्सुलिन, उपवास आणि शून्य

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे एकादशी वॉर्डातही पाळली जाते. श्रावणी सोमवार, चतुर्थी, रमजानचे रोजे, सगळंच. डायबेटिसच्या मावशींना सकाळी इन्सुलिन दिलं आणि नाश्ता आला म्हणून "डाएट दिला" असं लिहिलं. मावशींनी मात्र उपवास म्हणून ताट तसंच झाकून ठेवलंय. दहा-साडेदहाला घाम, थरथर, बडबड. साखर ७० च्या खाली. म्हणून इन्सुलिन द्यायच्या आधी विचारा: "आज काही धरलंय का? आत्ता काय खाणार?" उपवास असेल तर इन्सुलिन हातात धरूनच थांबा, डॉक्टरांना विचारा. ताट दिलं हे लिहू नका, पोटात काय गेलं ते लिहा: "अर्धी भाकरी, एक वाटी वरण खाल्लं" किंवा "एकादशी म्हणून काही खाल्लं नाही, ७.४० ला डॉक्टरांना सांगितलं, डोस थांबवला."

आकड्यांचे काही नियम मात्र पाठच करा. युनिट हा शब्द पूर्ण लिहा. इंग्रजी यू अक्षर आकड्याला चिकटलं की शून्यासारखं दिसतं आणि ४ युनिटचे ४० वाचले जातात. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना दशांश चिन्हाच्या आधी शून्य हवंच, नाहीतर ०.५ चे ५ होतात. पूर्ण आकड्यामागे दशांश आणि शून्य नको, नाहीतर ५.० चे ५० होतात. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या १ मिलीत ४० युनिटच्याही येतात आणि १०० च्याही. त्या त्या बाटलीची सिरिंज वेगळी असते, लाल टोपणाची ४० ची आणि केशरी टोपणाची १०० ची. ते जुळवूनच औषध भरा, आणि डोस मिलीत न लिहिता युनिटमध्ये लिहा.

संक्षेप हॉस्पिटलनं मान्य केलेलेच वापरा. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या वॉर्डात तेच उजव्या डोळ्यासाठी वापरतात. मोबाईलवर मेसेज लिहिताना जे संक्षेप वापरता ते फाईलमध्ये अजिबात नकोत.

वेळ, फोन आणि चुकलेली ओळ

काम केल्याची खरी वेळ लिहा. ८, १०, १२, २ अशा गोल वेळा बघितल्या की कळतं, हे सगळं दीडला एकदम बसून लिहिलंय. आणि काम करायच्या आधी लिहून ठेवणं तर कधीच नाही. "दोनचं औषध आत्ताच लिहून ठेवते, मग देते" असं म्हणेपर्यंत अ‍ॅडमिशन येतं, औषध ट्रेमध्ये राहतं, आणि कागद म्हणतो दिलं. २४ तासांचं घड्याळ वापरत असाल तर सगळीकडे तेच वापरा. नाइटला बारा वाजले की तारीख बदला. ही तारीख हमखास विसरते.

"डॉक्टरांना कळवलं" ही अर्धी नोंद झाली. कोणत्या डॉक्टरांना, किती वाजता, काय काय सांगितलं, त्यांनी काय सांगितलं, मग काय केलं, ते कधी आले. उदाहरणार्थ: "९.४० – बीपी ९०/६०, नाडी ११८, ड्रेसिंगवर ताजं रक्त, अंदाजे ८ बाय ६ सेमी. ९.४२ – सर्जरीच्या ड्युटी डॉक्टरांना स्टाफ सिस्टरनं फोन केला, वरील सर्व सांगितलं. फ्लुइड वाढवणे व हिमोग्लोबिन पाठवणे अशी ऑर्डर, वाचून दाखवून खात्री केली. ९.४५ – फ्लुइड वाढवलं. ९.५५ – डॉक्टर बेडजवळ." फाईलमध्ये डॉक्टरांचं नाव लिहा. फोनवरची ऑर्डर विद्यार्थ्यानं घ्यायची नाही, स्टाफला फोन द्या, आणि नंतर डॉक्टरांची सही त्यावर झाली का बघा. डॉक्टर आले नाहीत तर चिडून काही लिहू नका. प्रत्येक फोनची वेळ लिहा आणि वॉर्ड इन्चार्जना सांगून वरच्या डॉक्टरांपर्यंत जा, तेही लिहा.

चूक झाली तर एक सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी "चुकीची नोंद", तारीख, वेळ, सही, आणि मग बरोबर मजकूर. व्हाइटनर नको, गिरवून काळं करणं नको, पान फाडणं तर नकोच. काही लिहायचं राहिलं तर शेवटच्या नोंदीखाली "उशिरा केलेली नोंद" असं म्हणून आत्ताची वेळ टाका आणि घटना कधीची ते लिहा. दोन ओळींत कोंबू नका. मैत्रिणीच्या कामाची सही तुम्ही करायची नाही. तुमच्या सहीखाली स्टाफची सही लागते, ती त्याच ड्युटीत घ्या, दुसऱ्या दिवशी एकगठ्ठा नको. सही करणाऱ्या सिस्टरनं न वाचता सही केली तर तिला "एकदा वाचता का?" असं विचारा. मला असं विचारणारी मुलगी आवडते.

सर्पदंशाची नोंद

आपल्या जिल्ह्यात शेतावरून साप चावलेला पेशंट केव्हाही येतो, पावसाळ्यात जास्त. इथं नोंद तासातासाला उपचार ठरवते, म्हणून ही वेगळी सांगते. चावल्याची वेळ (आल्याची वेगळी), जागा, गावात काय बांधलं होतं, काय लावलं होतं. सूज जिथपर्यंत आलीय तिथं कातडीवर पेननं रेघ मारा आणि रेघेशेजारी वेळ लिहा. टेपनं घेर मोजताना प्रत्येक वेळी तीच जागा धरा, उदाहरणार्थ घोट्यापासून १० सेमी वर, आणि ती जागा नोंदीत सांगा. रक्त गोठण्याची चाचणी करताना कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त २० मिनिटं न हलवता ठेवतात. सुरू केल्याची वेळ आणि निकाल, दोन्ही लिहा. पापण्या खाली येतायत का, गिळता येतंय का, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जातंय का, हे विचारा आणि नसेल तर "नाही" असं लिहा. अँटी स्नेक व्हेनम (सापाच्या विषावरचं औषध) सुरू केल्यावर बेड सोडू नका. खाज, पित्त उठणं, थंडी, बीपी उतरणं यावर नजर ठेवा आणि किती व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या), कुठल्या बॅचच्या, किती वाजता, ते टिपा.

एप्रिल-मेमध्ये उष्माघाताचे पेशंट येतात. त्यांचं टेंपरेचर कुठून घेतलं (काखेत, तोंडात) ते लिहा, थंड करणं किती वाजता सुरू केलं आणि नंतर दर वेळचा आकडा.

इंग्रजी आणि सराव

छोटी वाक्यं, भूतकाळ, एका वाक्यात एक गोष्ट. एवढ्यावर काम भागतं. "अ‍ॅपिअर्स", "सीम्स" असे शब्द आले की तुम्ही काय बघून तसं म्हणताय ते लिहा आणि तो शब्द काढून टाका. पेशंटचं म्हणणं इंग्रजीत आणताना अर्थ निसटतो असं वाटलं तर त्याचेच शब्द अवतरणात ठेवायला स्टाफला विचारून घ्या. "छातीत दाबल्यावानी व्हायलंय" आणि "छातीत टोचायलंय" यावरून डॉक्टर वेगवेगळा विचार करतात, दोन्ही "चेस्ट पेन" करून टाकू नका. ज्या चार-पाच लक्षणांच्या इंग्रजी शब्दांत तुम्ही अडता ते रोज वहीच्या मागच्या पानावर उतरवा. महिन्याभरात अडणं बरंच कमी होतं.

कॉम्प्युटरवर नोट्स टाकत असाल तर कालची नोंद कॉपी करून आजच्या तारखेला चिकटवू नका. काल काढलेली ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी) आज पुन्हा पेशंटला लागलेली दिसते ती यामुळेच.

सराव हॉस्टेलवर करा, फाईल न आणता. दिवसातला एक पेशंट आठवा, नाव-गाव-बेड नंबर गाळून त्याची नोंद कोऱ्या कागदावर लिहा आणि ज्या मैत्रिणीनं तो पाहिलेला नाही तिच्या हातात द्या. तिला सांगा, "आता तू रात्रीची सिस्टर आहेस, पेशंट म्हणतोय मला कसंतरी व्हायलंय. काय करशील?" ती तुम्हाला उलटे प्रश्न विचारेल: साखर किती होती? जेवला होता का? शेवटचं बीपी कधीचं? तिला विचारावे लागलेले प्रश्न समासात लिहा. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेलात की तुमच्या पेशंटबाबत आधी तेच बघा, मग नोंद लिहायला बसा. नंतर अदलाबदल करा, तिची नोंद तुम्ही वाचा. तपासताना व्याकरणावर खुणा करू नका, ज्या ओळीवरून काहीच ठरवता आलं नाही त्या ओळीवर खूण करा.